नाथसागराचे पाहुणे

हिवाळ्यात एखाद्या रविवारी मी भल्या पहाटे उठतो आणि पैठणची गाडी धरतो. छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. तिथून सोनेवाडीच्या बाजूला पाण्याच्या काठावर जाऊन उभं राहायचं. सुरुवातीला धुक्यात काहीच दिसत नाही, नुसते आवाज येतात. मग उजाडायला लागतं आणि पाण्यावर पांढरे ठिपके दिसू लागतात. त्यांतले काही अचानक उठतात, एखाद्या मच्छीमाराच्या होडीमागे गलका करत जातात. हे कुरव. इंग्रजीत ज्यांना आपण 'सी-गल' म्हणतो, ते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी एका शाळेची सहल काठावर आली होती. सातवी-आठवीतला एक मुलगा माझ्या दुर्बिणीतून बघून म्हणाला, "काका, हा तर समुद्रावरचा पक्षी. वाट चुकला का?"

प्रश्न अगदी रास्त होता. पैठणपासून अरबी समुद्र कितीतरी दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत. गोदावरी वाहते ती पूर्वेकडे, आणि तो समुद्र तर त्याहून दूर. मग हा पक्षी इथे काय करतो?

मी त्याला जे सांगितलं ते असं. हा तपकिरी डोक्याचा कुरव. अंग पांढरं, पाठ राखी, चोच आणि पाय लाल, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात एक पांढरा ठिपका. याची जन्मभूमी समुद्र नाहीच. लडाख, तिबेट, पामीर इथली उंचावरची सरोवरं हे त्याचं माहेर. उन्हाळ्यात तिथल्या बेटांवर, दलदलीत तो घरटी करतो. हिवाळ्यात ती सरोवरं गोठतात, तेव्हा तो खाली उतरतो. काही थवे मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर जातात, काही आपल्याकडच्या मोठ्या जलाशयांवर. म्हणजे समुद्र हे त्याचं हिवाळ्याचं एक ठिकाण, घर नव्हे. तो वाट चुकलेला नाही. उलट वाट त्याला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

मुलाने पुन्हा विचारलं, "पण याचं डोकं तर पांढरंच आहे, तपकिरी कुठंय?" हाही प्रश्न रास्त. हिवाळ्यात ते डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे तेवढा एक काळसर डाग. फाल्गुनाच्या सुमारास, परतीचे वेध लागले की डोक्यावर तपकिरी पिसं येतात, जणू कोणी टोपी चढवावी तशी. टोपी पुरती चढली की समजावं, पाहुणा आता निघाला. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक कुरव गेलेले असतात.

हे पाहुणे ज्या पाण्यावर उतरतात, ते पाणीही तसं जुनं नाही. त्याची हकिगत सांगितली पाहिजे.

गोदावरीवर मराठवाड्यात मोठं धरण बांधायची कल्पना निजामाच्या हैदराबाद राज्याच्या काळातली. तेव्हा जागा ठरली होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुन्हा पाहणी झाली आणि शंभरावर किलोमीटर वरच्या अंगाला, पैठणची जागा अधिक योग्य ठरली. जागा बदलली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी कोनशिला बसवली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मातीचं धरण, लांबी सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे सत्तावीस. मागे अडलेल्या पाण्याला संत एकनाथांच्या नावावरून 'नाथसागर' म्हणू लागले.

हा भाग सपाट, काळ्या मातीचा. डोंगरदरीत बांधलेल्या धरणाचं पाणी खोल असतं. नाथसागराचं तसं नाही. धरण भरलं की पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं, पण काठाकाठाने ते उथळच. पावसाळा सरला की कालव्यांतून पाणी सुटतं, पातळी उतरते आणि काठावर मैलोनमैल ओला गाळ उघडा पडतो. या गाळावर शेतकरी गहू-हरभरा टाकतात. तिला गाळपेर जमीन म्हणतात. त्याच गाळात किडे, शंखशिंपले, पाणवनस्पती यांची चंगळ असते. चिखलपायट्यांना चिखल, बदकांना उथळ पाणी, राजहंसांना हरभऱ्याचे कोवळे शेंडे आणि कुरवांना मासळी. एवढी सोय बघून पाखरं उतरली नसती तरच नवल. कुणी त्यांच्यासाठी हे बांधलं नव्हतं. शेतीला आणि शहरांना पाणी हवं म्हणून बांधलं, त्यात पक्ष्यांची सोय झाली.

आणि माणसांची गैरसोय. तिला गैरसोय म्हणणंही बरोबर नाही. या पाण्याखाली शंभरावर गावं गेली. त्यांत एक माझं आजोळ होतं.

मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. आठवतं ते तुटक तुटक. नानीच्या घराची कौलं उतरवून ओट्यावर रचली होती. मामू खांब मोजत होते. गावातल्या मारुतीला बैलगाडीत बसवून वाजतगाजत नव्या गावठाणात नेलं. मारुतीच्या गाडीला आमच्या मामूंचे बैल होते, कारण पाटलांची जोडी घरचं सामान वाहत होती. पीरसाहेबांचा चौथरा मात्र तिथेच राहिला. पीर उचलून कसा नेणार? कबरस्तान तर नेताच येत नाही. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कबरींवर फातेहा पढला, फुलं टाकली. नाना त्यातल्या एका कबरीत होते. पाटील काका डोक्याला रुमाल बांधून मागे उभे होते, आणि परत येताना नानीला म्हणाले, "भाभी, आमचं तरी काय? आमच्या थोरल्यांची समाधी नदीकाठीच राहतीय." नानी काही बोलली नाही.

पैसे मिळाले, पण ते मिळायला जी वर्षं लागली त्यांत मामूंच्या चपला झिजल्या. ज्या कचेरीत ते खेपा घालत, तिचं नाव मी इथे घेत नाही. नव्या गावठाणात जमीन मुरमाड निघाली. दोन मामू शहरात आले, एक हमालीला लागले आणि एक सायकल दुरुस्तीला. अशी कहाणी सगळ्याच धरणांच्या काठावर ऐकू येते, म्हणून ती लांबवत नाही.

सांगायचं ते वेगळंच. माझी आई, अम्मी, दर हिवाळ्यात एकदा तरी हट्टाने नाथसागराच्या काठावर जायची. एसटीने पैठण, पुढे मिळेल ते वाहन. काठावर उभी राहून बोट करायची, "वो देख, वो तिकडं अपना घर." तिच्या बोटाच्या दिशेला नुसतं पाणी. मी कंटाळायचो. बघायला दुसरं काही नाही म्हणून मी पाण्यावरची पाखरं बघू लागलो. माझ्या पक्षीनिरीक्षणाचा जन्म हा असा, कंटाळ्यातून झालेला आहे.

पाखरांची नावं मला कुणी पुस्तकातून शिकवली नाहीत. पहिलं नाव नानीने दिलं. विटकरी-नारिंगी अंगाचं, जोडीजोडीने फिरणारं एक मोठं बदक दाखवून ती म्हणाली, "ये सुरखाब." आमच्या दखनीत कुणी जास्त ऐट केली तर म्हणतात, "तुजे क्या सुरखाब के पर लगे क्या?" म्हणजे तू कोण मोठा लागून गेलास? ते सुरखाब हेच, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. पुढे कॉलेजात संस्कृत काव्यातल्या चक्रवाकाची ओळख झाली. रात्री जोडप्याची ताटातूट होते असा कविसंकेत असलेला तो पक्षी. आणि नंतर हाती आलेल्या पक्ष्यांच्या पुस्तकात हेच बदक 'ब्राह्मणी बदक' म्हणून छापलेलं. म्हणजे पक्षी एकच. संस्कृतात चक्रवाक, मराठीत ब्राह्मणी, फारसी-उर्दूत सुरखाब. त्याला स्वतःला यातलं काही ठाऊक नाही. तो लडाख-तिबेटाकडून येतो, गाळात चरतो आणि जातो.

दुसरं नाव पाटील काकांनी दिलं. पाण्यावर शेकड्यांनी तरंगणारे काळे पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. "हे वारकरी," ते म्हणाले. हे काही त्यांचं घरगुती नाव नव्हे, मराठीत त्या पक्ष्याला वारकरीच म्हणतात. कळपाने चालतात, कपाळी गंध असतं, नाव अगदी शोभतं. फाल्गुनात पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते, दिंड्या येतात. त्याच सुमारास धरणाच्या पाण्यावरही वारकऱ्यांचे थवे असतात, आणि कुरवांच्या डोक्यावर टोपी चढत असते. पैठणचा फाल्गुन मला असा दोन्हीकडून दिसतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. धरणाने पाहुणे वाढवले असतील, पण पाहुण्यांची वाट धरणाने काढलेली नाही. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह याच मातीतला, आणि गोदावरीचा काठ त्यात पुन्हा पुन्हा येतो. चक्रवाक तर आपल्या जुन्या काव्यात ठायी ठायी आहे. जो पक्षी उन्हाळ्यात हिमालयापलीकडे असतो तो कवींना इतका ओळखीचा झाला, याचा अर्थ तो दर हिवाळ्यात आपल्या नद्यांच्या वाळवंटावर उतरत होता. नदीचं वाळवंट पाण्याखाली गेलं तेव्हा त्यानेही नवा काठ शोधला. तोही एका अर्थी धरणग्रस्तच. फक्त त्याला जागा बरी मिळाली.

ही येण्याजाण्याची कोडी उलगडायला विज्ञानाला फार वेळ लागला. आपल्याकडे या अभ्यासाचं मोठं नाव डॉ. सलीम अली यांचं. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. १९४५ मध्ये ते कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांची वसाहत पाहायला गेले होते. लाखोंच्या संख्येने मातीची घरटी करणारे हे रोहित पाण्याच्या शोधात दूरवर फिरतात आणि नाथसागरावरही उतरतात. आमच्या शहरात दिल्ली दरवाजाजवळ जुना खिजरी तलाव आहे. त्याला आज 'सलीम अली सरोवर' म्हणतात. एखाद्या तलावाला पक्षी बघणाऱ्याचं नाव मिळावं, ही गोष्ट मला एखाद्या किल्ल्याला राजाचं नाव मिळण्याइतकीच मोलाची वाटते.

सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी पुढे पक्ष्यांच्या पायांत कडी घालायचं मोठं काम हाती घेतलं. त्यामागची हकिगत मोठी बोधक आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने आजारी पडू लागली. त्या रोगाचा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग संशय आला तो सैबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला, हजारो पक्षी जाळ्यात धरून, कडी घालून सोडले. हा रोग तिथल्याच जंगलातल्या गोचिड्यांतून पसरतो हे पुढे स्पष्ट झालं. पाहुण्यांवरचा संशय टिकला नाही. पण त्या संशयापायी घातलेल्या कड्यांनी त्यांच्या वाटा मात्र उजेडात आणल्या.

आता तर पाठीवर इवलंसं यंत्र बांधून उपग्रहावरून माग काढता येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, ज्याला काही लोक पट्टेरी राजहंस म्हणतात, हा हिमालय ओलांडून येतो. अशा यंत्रांनी त्याची सात हजार मीटरच्या वरची उड्डाणं नोंदली आहेत. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले पट्टकादंब कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. इतक्या उंचीवरून आलेला हा पक्षी आमच्या गाळपेरीच्या हरभऱ्यात उतरला की शेतकरी डबा वाजवून त्याला हाकलतो. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. हरभरा त्याचा आहे, आणि ती जमीनही एके काळी त्याचीच होती.

शासनाने १९८६ मध्ये नाथसागराला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलं, क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदलेले आहेत. २०१७ मध्ये भोवतालचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. कागद असे चोख आहेत. पण पाण्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणं, खाली मराठवाडा. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, तरी पाऊस कमी पडला की वरून पाणी सोडण्यावरून भांडण ठरलेलं. पाऊस जास्त झाला की वेगळं संकट, ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठणात घरं बुडाली होती.

अलीकडचा वाद तरंगत्या सौरऊर्जा प्रकल्पाचा. जलाशयाच्या पाण्यावर सौर पटलं पसरून वीज करायची. इथे मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या समितीने त्याविरुद्ध दाद मागितली. राष्ट्रीय हरित लवादाने ती मान्य केली नाही, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. वीज हवी हे मला समजतं. हे भाषणही विजेवरच तुमच्यापर्यंत पोहोचतं आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीही अशीच एक मोठी गरज होती, तीही खरीच होती. तेव्हा ज्यांनी जागा सोडली त्यांचं पुढे काय झालं, याचा हिशेब नीट मांडलेला मी तरी पाहिला नाही. पक्ष्यांना अर्ज करता येत नाही. त्यांची मोजणी तरी चोख व्हावी, कामाच्या आधी आणि नंतर. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. त्यात भाग घ्यायला पदवी लागत नाही, पहाटे उठावं लागतं.

शेवटी एक प्रसंग सांगतो. २०१६ च्या मे महिन्यात नाथसागर पार आटला होता. बातमी ऐकून अम्मी म्हणाली, "मला घेऊन चल." ती तेव्हा सत्तरी ओलांडलेली. भेगाळलेल्या गाळातून आम्ही बरंच चाललो. आणि खरंच, जोत्याचे दगड उघडे पडले होते, आडाचं तोंड दिसत होतं. अम्मीने घर ओळखलं ते आडावरून. मग ती कबरस्तानाकडे निघाली. चौथऱ्याचे काही दगड जागेवर होते.

तेवढ्यात डोक्यावर दोन पक्षी ओरडत झेपावले. नदी सुरय. कुरवाचा हा चुलत भाऊ, पण पाहुणा नव्हे, बारमाही इथलाच. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या वाळूत, खड्यांत तो अंडी घालतो, घरट्याचा पसारा मांडत नाही. मी खाली पाहिलं. चौथऱ्याच्या दगडापासून हातभर अंतरावर वाळूत जराशा खोलगट जागी तीन ठिपकेदार अंडी होती. आणखी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर फुटली असती.

अम्मीने माझा हात धरून मला मागे ओढलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी बापाच्या कबरीशी आली आहे, वळसा घालून तरी जाईल. ती गेली नाही. लांब जाऊन उभी राहिली, तिथूनच हात उचलून दुआ मागितली आणि म्हणाली, "चल. उन्हात अंडी उघडी पडली, आपण इथे थांबलो तर आई बसायची नाही त्यांच्यावर."

२०१९ मध्ये अम्मी गेली. मी अजून दर हिवाळ्यात जातो.

आपण कुरवांना, सुरखाबांना पाहुणे म्हणतो. शास्त्रात त्यांना स्थलांतरित म्हणतात. माझ्या आजोळच्या माणसांना सरकारी कागदात विस्थापित म्हटलेलं आहे. स्थलांतरिताला परतायला जागा असते, इकडेही आणि तिकडेही. विस्थापिताला ती उरत नाही. पाहुण्यांचे विस्थापित होऊ नयेत, एवढंच मागणं आहे. ज्या संताचं नाव या पाण्याला दिलं, त्यांनी रामेश्वराला न्यायची कावड वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या नावाच्या पाण्यात मुक्या जिवांचाही वाटा असणार, हे वेगळं सांगायला नको.

या हिवाळ्यात जमलं तर जाऊन या. दुर्बीण नसली तरी चालेल. गाडी लांब उभी करा, गाणी लावू नका, गाळात उतरू नका. आणि काठावर कुणी म्हातारी बाई पाण्याकडे बघत उभी असेल, तर तिला विचारा, तुमचं गाव कुठे होतं म्हणून. ती बोट दाखवील. त्या बाजूला कुरव बसलेले असतील, तेही बघा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)